छोट्या आगगाडीचा उघडता पूल

मॉडेल रेल्वेचा छंद लहान मुलांच्या खेळण्यातून जन्माला आला असला, तरी आज तो प्रामुख्याने मोठ्या माणसांचा छंद आहे. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यातील गाड्या मांडल्या. सुटे रूळ आणि डबे जोडत घरच्या घरी रेल्वे वाढवत नेण्याची कल्पना त्यातून रुजली. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली आणि रुळांची व चाकांची मापे प्रमाणित होत गेली. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयामुळे १९९८ पासून मराठी प्रेक्षकांनाही या दुनियेची ओळख झाली.

संग्रहालयाला स्वतंत्र दालन मिळते. घरातील छंदाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादी लहान खोलीच येते. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील छांदिष्टांची रेल्वे घरातल्या रिकाम्या शयनगृहात, तळघरात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते. खोली लहान असली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. रूळ खोलीभर गोल फिरवायचे, तर ते दारासमोरून जाणार. मग माणसाने आत जायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उघडता पूल. दिसायला तो एक फळी आणि दोन बिजागऱ्या एवढाच असतो. प्रत्यक्षात संपूर्ण मांडणीत सर्वाधिक विचार मागणारा भाग हाच ठरतो.

भिंतीलगतचा मार्ग

जगात सर्वाधिक प्रचलित असलेले मॉडेल रेल्वेचे प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. यात खरी रेल्वे ८७ पटींनी लहान होते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर भरते. गाडी लहान झाली तरी वळणाला जागा लागतेच. लांब डबे डौलाने वळायचे असतील, तर वळणाची त्रिज्या किमान ६० सेंटिमीटरच्या आसपास हवी. म्हणजे गाडीला उलट फिरवणारे एक अर्धवर्तुळ काढायचे म्हटले, तरी सव्वा मीटरहून अधिक रुंदीचे टेबल लागते.

सुमारे ३ मीटर लांब आणि तितक्याच रुंद खोलीत असे टेबल मध्यभागी ठेवले, तर माणसाला फिरायला जागा उरत नाही. त्याऐवजी चारही भिंतींलगत अर्धा मीटर रुंदीची फळी फिरवली, तर मध्ये २ मीटर लांबी-रुंदीची मोकळी जागा मिळते. रुळाची एक फेरी ९ मीटरच्या आसपास भरते. एचओ प्रमाणात हे अंतर जवळपास ८०० मीटर होते. पाहणारा मध्यभागी उभा राहतो, गाडी त्याच्याभोवती फिरते आणि वळणे कोपऱ्यांत दडून जातात. लहान खोलीसाठी याहून किफायतशीर रचना सापडणे अवघड. तिची किंमत एकच असते, ती म्हणजे दारासमोरची फळी.

वाकून जाण्याचा पर्याय

सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे फळीखालून वाकून जाणे. अनेक मांडण्यांची सुरुवात अशीच होते. गाडी डोळ्यांच्या पातळीजवळ दिसावी म्हणून रूळ जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आसपास ठेवले जातात. फळी आणि तिच्या खालची चौकट यांची जाडी वजा केली, की खाली ११० सेंटिमीटर उरतात. तिशीतल्या माणसाला ही कसरत वाटत नाही. पण मॉडेल रेल्वे हा वीस-तीस वर्षे चालणारा आणि निवृत्तीनंतर बहरणारा छंद आहे. कंबर आणि गुडघे कुरकुरू लागले, की दिवसातून दहा वेळा वाकणे नकोसे होते. हातात चहाचा कप किंवा नुकतेच रंगवलेले इंजिन असेल, तर वाकणे धोक्याचेही ठरते. शिवाय पाहायला येणारी मंडळी दारातूनच परत फिरतात. आजवर रस घेऊन बांधलेली रेल्वे अशा रीतीने हळूहळू एकाकी होते. म्हणून पुलाचे माप ठरवताना पहिला विचार गाडीचा नव्हे, तर माणसाचा करावा लागतो. मोकळी वाट किमान ६० सेंटिमीटर आणि शक्य असेल तर ७५ सेंटिमीटर रुंद हवी. खोलीचे दार आत उघडत असेल, तर पूल त्या दाराच्या झेपेच्या आत येता कामा नये.

चार प्रकार, चार स्वभाव

खऱ्या रेल्वेतही उघडत्या पुलांची परंपरा मोठी आहे. रामेश्वरमकडे जाणाऱ्या १९१४ मधील जुन्या पांबन पुलाचे दोन पंखे जहाजांसाठी वर उचलले जात. त्याच्या शेजारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलात ७२.५ मीटर लांबीचा संपूर्ण गाळाच सरळ उभा वर जातो. अन्यत्र आडवे फिरणारे पूलही आहेत. घरगुती पुलांत प्रामुख्याने चार प्रकार दिसतात.

पहिला, उचलून बाजूला ठेवण्याचा पूल. त्याला बिजागरी नसते, त्यामुळे तो बनवायला सोपा. पण काढलेला पूल ठेवायचा कुठे, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुलाला कधीतरी पाय लागतोच.

दुसरा, एका टोकाला बिजागरी असलेला आणि वर उचलला जाणारा पूल. याचा मोठा गुण म्हणजे तो स्वतःच्या वजनाने बंद राहतो. कडी लावायची राहून गेली, तरी तो खाली कोसळत नाही. मात्र उघडल्यावर त्याला पकडून ठेवणारा भक्कम आकडा लागतो, नाहीतर तो एखाद्याच्या डोक्यावर किंवा बोटांवर आदळू शकतो.

तिसरा, खाली लोंबणारा पूल. उघडल्यावर त्याचा कोणताही भाग डोळ्यांसमोर येत नाही, बिजागरीही खाली लपते. परंतु तो केवळ कडीच्या आधारावर तोललेला असतो. कडी निसटली तर पूल आणि त्यावरची गाडी दोन्ही खाली जातात.

चौथा, दारासारखा आडवा उघडणारा पूल, म्हणजे खऱ्या अर्थाने फाटक. एकाहून अधिक मार्ग किंवा उंच डोंगर-इमारती पुलावर असतील, तर हाच प्रकार सोयीचा. पण जुने दार जसे कालांतराने खाली बसते आणि जमिनीला घासू लागते, तसेच फाटकही बसते. म्हणून त्याच्या दोन बिजागऱ्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर लावाव्या लागतात आणि त्याखालची चौकट जमिनीपर्यंत न्यावी लागते.

लहान खोलीत, एक किंवा दोन मार्गांसाठी वर उचलला जाणारा पूल बहुतेक वेळा सरस ठरतो, तो त्याच्या सुरक्षित स्वभावामुळे.

बिजागरीची जागा

नवशिक्यांचा पहिला पूल बहुधा बिजागरीपाशीच अडतो. वर उचलल्या जाणाऱ्या पुलाची बिजागरी फळीच्या खाली लावली, तर उचलताना पुलावरील रुळांची टोके मागे सरकतात आणि स्थिर रुळांवर आदळतात. बिजागरीचा आस रुळाच्या माथ्यापेक्षा वर असेल, तर हीच टोके स्थिर रुळांपासून दूर जातात आणि पूल सहज उठतो. म्हणून अशा पुलाची बिजागरी लहान लाकडी ठोकळ्यांवर चढवून बसवतात. पुलाच्या तोंडाशी एखादी केबिन किंवा दगडी कमान उभी केली, की हे ठोकळे झाकले जातात. खाली लोंबणाऱ्या पुलाचे गणित याच्या नेमके उलट असते. तेथे आस रुळांच्या खाली हवा.

दुसऱ्या टोकालाही एक सूक्ष्म गोष्ट घडते. पूल ८० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचा तळ बिजागरीच्या आसापेक्षा १० सेंटिमीटर खाली आहे, असे धरले, तर उचलताना तळाची कड आधी सुमारे ६ मिलिमीटर बाहेर सरकते आणि मग वर जाते. टोक सरळ उभे कापलेले असेल, तर ते समोरच्या फळीत अडकते. टोकाची खालची कड तिरपी आत कापली की अडचण संपते. आडव्या फाटकात हा परिणाम अधिक ठळक होतो. ८० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फाटकाचा दूरचा कोपरा बिजागरीपासून ८५ सेंटिमीटरहून अधिक अंतरावर असतो. तो फिरायचा असेल, तर फाटकाचे टोक तिरपे कापण्यावाचून गत्यंतर नसते.

लाकूड कापण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा तुकडा टाचणीवर फिरवून पाहिला, तर या दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत समजतात.

अर्ध्या मिलिमीटरची कसोटी

पूल उघडणे सोपे असते. तो दररोज, वर्षानुवर्षे, त्याच जागी परत येणे अवघड असते. एचओ प्रमाणातील प्रमाणित चाकाची रुळाला धरून ठेवणारी कड जेमतेम ०.६४ मिलिमीटर खोल असते. पुलाचा रूळ अर्धा मिलिमीटर वर किंवा बाजूला राहिला, तर खऱ्या रेल्वेच्या हिशेबाने तो ४ सेंटिमीटरहून अधिक चुकला. अशा सांध्यावरून एखादी गाडी जाईल, दहावी घसरेल.

एवढी अचूकता बिजागरीकडून अपेक्षिणे चुकीचे आहे. बाजारात मिळणाऱ्या बिजागरीच्या खिळीत थोडे तरी ढिलेपण असते आणि वापराने ते वाढते. म्हणून कामांची विभागणी करावी लागते. बिजागरीने फक्त पूल वाहून न्यावा. त्याला नेमक्या जागी बसवण्याचे काम दुसऱ्या कुणीतरी करावे. मोकळ्या टोकाला निमुळत्या पितळी खुंट्या आणि त्यांच्या मापाच्या पितळी खोबण्या बसवल्या, तर पूल खाली येताना आपोआप मध्यावर सरकतो. उंचीसाठी पूल लाकडाच्या संपूर्ण कडेवर न टेकवता तीन ठिकाणी टेकवावा. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, त्याच तत्त्वाने तीन टेकूंवरचा पूल डुगडुगत नाही. टेकू म्हणून स्क्रू वापरले, की पाव फेरीने उंची कमीजास्त करता येते. शेवटी एक टॉवर बोल्ट पूल खाली दाबून धरतो.

लाकडाचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा लागतो. ते शिरांच्या दिशेने फारसे वाढत नाही, पण आडव्या दिशेने हवेतील दमटपणानुसार फुगते आणि आकसते. पाइनसारख्या लाकडाची १० सेंटिमीटर रुंद फळी ऋतू बदलताना १ मिलिमीटरपर्यंत सहज बदलू शकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दारे-खिडक्या घट्ट होतात, त्याचेच हे छोटे रूप. म्हणून पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब चांगल्या प्रतीच्या प्लायवूडचे करावेत आणि ते सर्व बाजूंनी रंगवून किंवा पॉलिश करून बंद करावेत. दोन्ही खांब खालून एकाच तुळईने जोडले, म्हणजे ते परस्परांपासून दूर सरकत नाहीत. ही तुळई जमिनीलगत उंबरठ्यासारखी ठेवता येते.

रुळांची टोके हा सर्वांत नाजूक भाग. ती केवळ लहान खिळ्यांवर सोडून भागत नाही. पुलाच्या कडेला तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्क्रूने आवळून त्यावर रूळ डाग देऊन पक्के करतात. या पट्टीवरील तांब्याचा थर मधोमध खरवडून तोडावा लागतो, अन्यथा दोन रुळांत शॉर्ट सर्किट होतो. पूल बंद असताना रूळ अखंड टाकावेत, डाग द्यावेत आणि मगच बारीक करवतीने सांध्यावर कापावेत. म्हणजे दोन्ही बाजू मुळातच एका रेषेत येतात. सांधा वळणावर नसावा आणि पुलावर सांधेबदल तर मुळीच नसावा.

खऱ्या रेल्वेचे धडे

उघड्या पुलाचा खरा धोका उघडणे-मिटणे हा नसून, पूल उघडा असताना गाडी येणे हा आहे. १२० सेंटिमीटरवरून पडलेले इंजिन ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने फरशीवर आदळते. ते बहुधा पुन्हा चालत नाही.

खऱ्या रेल्वेने ही किंमत माणसांच्या जिवाने मोजली आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात नॉर्वॉक येथे ६ मे १८५३ रोजी, पूल उघडा असल्याची खूण इंजिनचालकाने वेळीच पाहिली नाही आणि गाडी नदीत कोसळली. त्यात ४६ जणांचा मृत्यू झाला. शंभर वर्षांनंतर, १५ सप्टेंबर १९५८ रोजी न्यू जर्सीतील न्यूआर्क उपसागरावर एक लोकल गाडी धोक्याचे सिग्नल ओलांडून उघड्या पुलावरून खाली गेली आणि ४८ जण दगावले. केवळ खूण दाखवून भागत नाही, गाडी थांबवण्याची व्यवस्था माणसाच्या लक्षावर अवलंबून असता कामा नये, हा या अपघातांचा धडा.

तिसरा अपघात अधिक विचार करायला लावणारा आहे. २२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अलाबामा राज्यात मोबील शहराजवळ दाट धुक्यात वाट चुकलेल्या तराफ्यांची धडक बायू कॅनॉटवरील रेल्वे पुलाला बसली. पुलाचा गाळा सुमारे एक मीटर बाजूला सरकला. रूळ वाकले, पण तुटले नाहीत. रुळांतून वाहणारा सिग्नलचा वीजप्रवाह अखंड राहिला आणि सिग्नल हिरवाच राहिला. थोड्याच वेळात आलेली सनसेट लिमिटेड ही प्रवासी गाडी पाण्यात कोसळून ४७ जणांचा मृत्यू झाला. वीज वाहते आहे, याचा अर्थ रूळ जागेवर आहेत असा होत नाही, हे त्या पहाटे सिद्ध झाले.

वीज कुठे मोजायची

घरगुती पुलाच्या विजेच्या जोडणीत नेमकी हीच चूक वारंवार होते. बिजागरीतून किंवा रुळांच्या सांध्यातून वीज नेली जाते आणि पुलावर वीज पोहोचली म्हणजे पूल बंद आहे, असे गृहीत धरले जाते. पूल दोन मिलिमीटर वर राहिला, तरी वीज पोहोचतेच. म्हणून पुलाला वीज पुरवण्यासाठी बिजागरीपाशी लवचिक, बहुतारी वायरचा सैल वळसा द्यावा. पूल बंद असल्याची खात्री मात्र स्वतंत्रपणे करावी. खुंटी खोबणीत पूर्ण उतरली आणि बोल्ट पूर्ण सरकला, तरच दाबला जाईल असा मायक्रोस्विच बसवावा.

या स्विचमधूनच पुलाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना वीज द्यायची. बोल्ट काढताच हे दोन्ही पट्टे निर्जीव होतात आणि गाडी पुलाच्या अलीकडे थांबते. या जोडणीचा गुण असा, की वायर तुटली किंवा स्विच बिघडला, तरी परिणाम एकच होतो, गाडी थांबते. उलट, पूल उघडल्यावर सुरू होणारा धोक्याचा दिवा बिघडला, तर तो काहीच सांगत नाही आणि गाडी पुढे जाते. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे रेल्वे सिग्नल व्यवस्थेचे मूलतत्त्व घरातही तितकेच लागू पडते.

निर्जीव पट्ट्याची लांबी हा पुढचा प्रश्न. दोन इंजिने जोडलेली असतील, तर पुढचे थांबले तरी मागचे त्याला ढकलत राहते. म्हणून हा पट्टा सर्वांत लांब इंजिनजोडीपेक्षा मोठा हवा. डिजिटल नियंत्रणाच्या आजच्या इंजिनांत आणखी एक गोम आहे. मळक्या रुळांवर धक्के बसू नयेत म्हणून अनेक इंजिनांत कपॅसिटर असतो आणि वीज गेल्यावरही इंजिन काही क्षण धावत राहते. ताशी १०० किलोमीटरच्या प्रमाणित वेगाने एचओ इंजिन सेकंदाला ३२ सेंटिमीटर जाते. तीन सेकंदांत ते जवळपास एक मीटर पुढे गेलेले असते. इंजिन मागे आणि डबे पुढे अशी गाडी ढकलली जात असेल, तर वीज तोडूनही पुढचे डबे कडेपर्यंत पोहोचू शकतात. या दोन्ही प्रसंगी शेवटचा आधार यांत्रिकच असतो. पूल उचलताच दोन्ही कडांवर रुळांमधून वर येणारी एक साधी पट्टी गाडीला अडवते. तिला वीज लागत नाही.

आतला माणूस

पुलाच्या आत उभा असलेला माणूस एका परीने कोंडलेला असतो, हे विसरून चालत नाही. दिवे गेले, धूर झाला किंवा आतल्या माणसाला भोवळ आली, तर पूल अंधारात, एका हाताने आणि एकाच हालचालीत उघडला पाहिजे. तो बाहेरूनही उघडता आला पाहिजे, कारण मदतीला येणारा माणूस बाहेर असतो. मोटारीवर चालणारा पूल आकर्षक दिसतो, पण वीज नसताना तो हाताने उचलता येत नसेल, तर लहान खोलीत त्याला स्थान नाही. पूल जितका हलका, तितका बरा. हलका पूल उचलणे सोपे असते, बिजागरीवर ताण कमी पडतो आणि तो निसटला तरी इजा कमी होते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. अनेकजण खोलीभर रूळ टाकून झाल्यावर उरलेल्या जागेत पूल बसवू पाहतात आणि मग वळण, उंची, दाराची झेप यांपैकी काहीतरी जुळत नाही. अनुभवी मंडळी उलट करतात. ती आधी पूल आणि त्याचे दोन खांब उभारतात, त्यावर दोन-तीन फूट रूळ टाकून काही दिवस त्याची उघडझाप करतात. शक्य असेल तर एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच्यावरून जाऊ देतात. त्या काळात सांधा कुठे सरकतो, कोणता स्क्रू सैल होतो, हे कळते आणि दुरुस्ती स्वस्तात होते. उरलेली रेल्वे मग त्या पुलाच्या दोन टोकांपासून सुरू करून खोलीभर नेता येते.